मामंजींचं अनुपान

मुलगी बघायला आलेली माणसं तिला काय काय करायला लावतात, ते आमच्या वयाच्या बायकांना सांगायला नको. चालून दाखव, सुपारी कातरून दाखव, एखादं स्तोत्र म्हण. चारठाण्याचे वैद्य आपल्या मुलासाठी मला बघायला पिंगळीला आले तेव्हा मी या सगळ्याची तयारी करून बसले होते. त्यांनी यातलं काहीएक विचारलं नाही. सुशील्याची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, बशी बाजूला सारली, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "बाळ, जीभ दाखव बरं."

दारामागं माझ्या आईनं कपाळाला हात लावला असणार, बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. मी वडिलांकडं पाहिलं, तर ते आढ्याकडं बघत होते. मग काढली जीभ. खरं सांगायचं तर जरा जास्तच बाहेर काढली, रागानं. वैद्यबुवांनी ती सोनारानं दागिना पारखावा तशी इकडून तिकडून पाहिली आणि निकाल दिला, "पोरगी रागीट हाय, पण पोट साफ हाय. आमाला पसंत." असं माझं लग्न ठरलं आणि ते माझे मामंजी झाले.

चारठाण्यात त्यांना 'जिभेचे वैद्य' म्हणत. बाकीचे वैद्य आधी नाडी धरतात, हे आधी जीभ बघायचे. समोरून मामंजी येताना दिसले की धडधाकट माणसंसुद्धा तोंड मिटून घेत, कारण भर बाजारात थांबवून "आ कर" म्हणायला ते कमी करत नसत. एकदा पाटलांच्या जिभेवरून त्यांनी आदल्या दिवशीचं तेलकट पिठलं ओळखलं. पाटील तेव्हा कडक पथ्यावर होते. ते पिठलं त्यांना कुठल्या घरी मिळालं याची चौकशी मग पाटलीणबाईंनी केली, आणि ती बरेच दिवस चालली.

स्वयंपाक कसा झाला, हे मामंजींनी मला कधी सांगितलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच असायचा. घास जिभेवर क्षणभर ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून विचारायचे, "सूनबाई, तुला काय लागलं?" सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची तेव्हा रीत नव्हती, मी दाराआडून उत्तर द्यायची. पहिल्यांदा मी म्हणाले, "चांगलं लागलं." त्यावर बाहेरून आवाज आला, "चांगलं ही चव नव्हं. रस सहा हायेत, त्यातला सांग." मीही काही कमी नव्हते. जिद्दीनं चाखायला लागले. अंबाडीच्या भाजीतलं आंबट कोणालाही लागतं, पण त्याच्या मागं बारीकसं तुरट दडलेलं असतं, हे मी सांगितलं त्या दिवशी त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

तुरटावर त्यांचा फार जीव. म्हणायचे, "गोडाला लेकरं हायेत, तिखटाला गडीमाणसं हायेत, आंबटाला गरवार बाया हायेत. कडूला निदान शिव्या तरी मिळत्यात. तुरटाला कोणीच इचारीत न्हाई. पोरकं हाय ते." हे म्हणताना त्यांचा आवाज असा हळवा व्हायचा की मला वाटायचं, आता हे तुरटाला दत्तक घेणार.

दरवर्षी ते आसवं, म्हणजे आंबवलेली औषधं, घालायचे. मनुका, गूळ, धायटीची फुलं असं सगळं मातीच्या बरणीत भरायचं, तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि बरणी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. मी दळणाला ज्वारी काढायला हात घालायची आणि बोटं बरणीवर आपटायची. आसव तयार झालं की मामंजी घोटभर तोंडात घेऊन घोळवायचे, डोळे मिटायचे आणि तस्तात थुंकून टाकायचे. घशाखाली थेंब जाऊ द्यायचे नाहीत. औषध देताना मात्र औषधापेक्षा त्याच्या अनुपानाची चिकित्सा जास्त. अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते, मध, तूप, नाहीतर कोमट पाणी. "औषध नवरदेव हाय, अनुपान त्याचा घोडा," असं ते रोग्याला बजावायचे. "घोडा बिचकला तर नवरदेव खड्ड्यात." जेवणालाही त्यांनी तोच नियम लावलेला. कशाबरोबर काय खाल्लं, यावर माणसाचं निम्मं आयुष्य अवलंबून असतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा माणसाच्या ओसरीवर विठ्ठलसाहेब आला.

निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्यानं आमच्या गावच्या जुन्या देवळांची चित्रं काढायला आणि निखळलेल्या शिळा सावरायला एक गोरा माणूस पाठवला होता. तो इंग्रज नव्हता, इटलीचा होता. गावाला इंग्रज ठाऊक होता, इटली नव्हती. 'इटलीसाहेब' हा शब्द वेशीतून पारावर येईपर्यंत 'विठ्ठलसाहेब' झाला आणि पुढं कायम तोच राहिला. म्हाताऱ्या बाया येताजाता त्याला हात जोडायच्या. तोही गडी असा भला की उलट वाकून हात जोडायचा.

एका सकाळी तो पोट धरून आला. मामंजींनी जीभ बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. जीभ जांभळी, दातांच्या कडा काळपट. असा रंग त्यांनी फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या तोंडात पाहिला होता. "जामुन खाए क्या?" त्यांनी विचारलं. ऐन पौषात जांभळं कुठली! साहेब नाही म्हणाला. मामंजी आत आले आणि आमच्या ह्यांना हळूच म्हणाले, "साहेबाच्या घरी कळवायची काही तजवीज करा. माणूस लय दिवसाचा न्हाई." आमचे हे शाळेत मास्तर, थोडं इंग्रजी जाणणारे. त्यांनी जाऊन साहेबाला आडून आडून विचारलं. साहेब आधी गोंधळला, मग पोटदुखी विसरून खो खो हसला आणि तंबूतून एक बाटली घेऊन आला. गोल बुडाची बाटली, कमरेपासून खाली गवताच्या विणीत गुंडाळलेली. बाटलीला परकर नेसवलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

हैदराबादेत राहून तो मोडकीतोडकी दखनी शिकला होता. म्हणाला, "वैदजी, ये मौत नहीं. ये अंगूर है. मेरे गाँव का."

मामंजींनी वास घेतला. घोटभर तोंडात घेतलं, घोळवलं, डोळे मिटले आणि तस्तात थुंकले. मग दाराच्या दिशेनं जवळजवळ ओरडलेच, "सूनबाई, तुरट! अगं, तुरट हाय, आन् त्याच्या मागं आंबट! या लोकांनी तुरटाला लेकरावाणी वाढिवलंय!" साहेबाला मात्र वेगळंच नवल वाटत होतं. त्याच्या मुलखातले, तोस्कानातले, द्राक्षाची दारू पारखणारे जाणतेही अशीच तोंडात घोळवून थुंकून टाकतात म्हणे. इथं, ज्वारी-कापसाच्या मुलखात, कोणी तसं करील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं मामंजींचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

त्याची म्हातारी आई त्याला गावाकडून पेटी पाठवायची. ती बोटीनं मुंबईला, रेल्वेनं सेलूला आणि तिथून बैलगाडीनं गवताच्या भाऱ्यात बसून चारठाण्याला यायची. तंबूतल्या उकाड्यानं बाटल्या बिघडायच्या, म्हणून मामंजींनी त्या आमच्या कणगीत पुरून घेतल्या. आता दळणाला गेलं की एका हाताला द्राक्षासव लागायचं आणि दुसऱ्या हाताला तोस्काना. सासूबाई नैवेद्याची ज्वारी त्या दिवसापासून दुसऱ्या कणगीतून काढायला लागल्या.

शुक्रवारी सरकारी सुट्टी असायची. त्या दिवशी दुपारी ओसरीवर साहेब आणि मामंजी समोरासमोर बसायचे. साहेबाला पत्रावळ, प्याला त्याचा त्यानं आणलेला. मामंजींना चांदीची वाटी आणि शेजारी तस्त. साहेब बाटली उघडायचा आणि विचारायचा, "इसका अनुपानो?" शब्द त्याला पाठ झाला होता, शेपटीला मात्र त्यानं आपला ओ लावलेला. मग आतून मी एकेक पदार्थ पाठवायची.

पहिल्या दिवशी मी हौसेनं हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवला आणि साहेबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ठेच्यावर ती दारू म्हणजे नुसती आग झाली. "तिखटाचं आन् हिचं सवतीचं वैर हाय," मामंजी म्हणाले. पुढच्या शुक्रवारी मी वांगं निखाऱ्यावर भाजलं, मिरची घातलीच नाही, वर नुसतं मीठ आणि कच्चं करडईचं तेल सोडलं. ओसरीवरून दुसरी भाकरी कोणी मागेना. मला वाटलं, हेही फसलं. डोकावून बघते तर साहेब भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. "रोटी में नमक नहीं," तो म्हणाला. मी जीभ चावली, म्हटलं, तक्रार आली. पण तसं नव्हतं. त्याच्या गावची भाकरीही अशीच अळणी असते आणि ते लोकही तिला नुसतं तेल लावून खातात. इतक्या लांब येऊन त्याला आईच्या हातची भाकरी सापडली होती.

मग मला चेवच आला. फिक्या रंगाची एक दारू होती, शेवटाला कडू बदामासारखी लागणारी. तिच्याबरोबर ओल्या हरभऱ्याची उसळ जमली. लाल दारूबरोबर चवळी जमली, नुसती उकडून तेल घातलेली. साहेब सांगायचा, त्याच्या घरी बाटलीला बूच नसतं, वर तेलाचा थर सोडतात. मी दाराआडून म्हणाले, "मग तर ते लोणचंच झालं की." मामंजींनी ते भाषांतर करून सांगितल्यावर साहेब उठून दाराला नमस्कार करून गेला. तिसरी एक गोड दारू होती, मधाच्या रंगाची, सगळ्यांत दुर्मिळ. द्राक्षं टांगून मनुकेसारखी सुकवायची, रस लहानशा पिंपात बंद करून माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवायचा. "आमचं आसव महिन्यात उकरून काढतो आमी. धीर लय हाय या लोकांत," मामंजी म्हणायचे. ती दारू ते लोक वाळक्या रोटीचा तुकडा बुडवून खातात, म्हणून मी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या कडक भाजून दिल्या. मी ते सगळं चाखलं का? चाखलं. वाटीत घोटभर उरायचं आणि वाटी धुवायला आतच यायची. आता विचारणारंही कोणी उरलं नाही.

सासूबाई या वेळी देवघरात जप करत असायच्या. पण माळ फिरायची थांबली की मला कळायचं, कान ओसरीवर आहे.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. "वैद्य बाटलीनं बाटला" अशी म्हणच पडली. एकदा पारावर कोणीतरी तोंडावर विचारलं तेव्हा मामंजी शांतपणे म्हणाले, "चव घशाच्या वर असती आन् व्यसन घशाच्या खाली. मी घसा वलांडला न्हाई." आणि ते खरंच होतं. त्या एका रेषेवर ते ताठ उभे होते आणि गावालाही ते मान्य करावं लागे.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीच्या सुमाराला सासूबाईंना विषमज्वर आला. ताप उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. घास तोंडात घेतला की माती लागते म्हणायच्या आणि ताट सारायच्या. मामंजींनी आलं-सैंधव दिलं, डाळिंब दिलं, लिंबू भाजून चाटवलं, घरात होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. तालुक्याच्या जिभा ज्यांनी सरळ केल्या, त्यांच्या हाती घरातली जीभ लागेना. होळीपर्यंत सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मला फार भीती वाटायची. एकदा मामंजी विहिरीपाशी हात धूत होते आणि रीत मोडून माझ्याकडं बघून म्हणाले, "ही अशी जायाची, सूनबाई. रोगानं न्हाई, भुकेनं." एवढं मोठं माणूस असं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

साहेबाला कळलं तेव्हा त्यानं आपल्याजवळची शेवटची गोड बाटली आणून दिली. त्याच्या गावात बाळंतिणींना आणि दुखण्यातून उठलेल्या म्हाताऱ्यांना ती चमचाभर देतात, रोटी बुडवून. मामंजींनाही पटलं की यानं झाली तर जीभ जागी होईल. पण ज्या बाईनं बाटलीचा वारा लागलेली ज्वारी देवाला चालवली नाही, तिला हे सांगायचं कोणी? आमचे हे मामंजींना म्हणाले, "नाना, द्राक्षासव म्हणून द्या. रंग तोच, वास तोच. कोण बघतंय?"

मामंजी म्हणाले, "माझ्या हातचं काय हाय म्हणून तिनं जन्मात कधी इचारलं न्हाई. न इचारणाऱ्याला फशिवत नसत्यात." आणि बाटली हातात घेऊन सरळ आत गेले. मी दशमी घेऊन मागोमाग.

त्यांनी सगळं खरं सांगितलं. हे काय आहे, कुठलं आहे, कोणी दिलं. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुमी हे थुकता."

"हो."

"इतके दिवस तोंडात घेऊन थुकता. जे तुमच्या घशाखाली जायच्या लायकीचं न्हाई, ते माझ्या घशात घालायलाव?"

मामंजींनी बाटली खाटेच्या पायाशी ठेवली.

"आधी तुमी गिळा," सासूबाई म्हणाल्या. "मंग मी बघते."

मामंजी बाहेर अंगणात गेले. मला वाटलं, आता येत नाहीत. तुळशीजवळ पाठमोरे उभे होते. ज्या रेषेवर त्यांची सगळ्या गावात इज्जत उभी होती, ती पुसायची होती आणि पुसली की पुन्हा काढता येणार नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली, देवघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि आत आले. चांदीच्या वाटीत ओतलं. तस्त खाटेखाली होतं, ते त्यांनी पायानं लांब सारलं. डोळे उघडे ठेवून वाटी तोंडाला लावली. त्यांच्या गळ्यातली गाठ वर गेली आणि खाली आली.

सासूबाई टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "उघडा तोंड. जीभ दाखवा."

आणि जिभेच्या वैद्यांनी शहाण्या लेकरासारखी जीभ दाखवली.

मी दशमीचा तुकडा बुडवून दिला. सासूबाईंनी तो तोंडात घेतला, कितीतरी वेळ चघळला, गिळला. मामंजींनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "काय लागलं?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "गोड लागलं. मनुकेवाणी. आन् शेवटाला... तुरट."

मामंजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सासूबाईंनी आणखी तुकडा मागितला. मला त्या मधासारख्या दारूत तुरट कधी लागलं नव्हतं, पण म्हटलं, आजाऱ्याची जीभ माझ्यापेक्षा तिखट असेल. त्या दिवसापासून सासूबाई जेवायला लागल्या.

पारावर ही बातमी मामंजींनी स्वतःच नेली. दुसऱ्या कोणी कुजबुजण्याआधी सांगून टाकलं, "गिळलं. घसा वलांडला." पूजाअर्चा सांगणारे गुरुजी आमच्या घरी यायचे बंद झाले. काही घरांनी औषध बंद केलं, पण पावसाळ्यात हिवतापाची साथ आली तशी तीच माणसं ओसरीवर जीभ काढून बसली. पोट दुखायला लागलं की लोकांना धर्म जरा उशिरा आठवतो. गुरुजींना मात्र पुरतं वर्षभर आठवत होता. श्राद्धाला बाहेरगावचा ब्राह्मण आणावा लागला. मामंजींना ते लागलं, पण त्यांनी एका शब्दानं सासूबाईंना तसं जाणवू दिलं नाही.

सासूबाई जेवायला लागल्या त्याच उन्हाळ्याच्या शेवटी इटली इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरली. परभणीहून पोलिसांचे अमीनसाहेब आणि जवान विठ्ठलसाहेबाला न्यायला आले. वरच्या हुकमापुढं त्यांचाही इलाज नव्हता, माणसं अदबीनं वागली. साहेबाला निरोप घ्यायला आमच्याकडं येऊ दिलं. जवान ओट्यावर बसून माझ्या हातची भाकरी खात होते आणि आत ओसरीवर त्या दोघांनी शेवटची लाल बाटली उघडली. त्या दिवशी मामंजी थुंकले नाहीत. "कहाँ ले जारे?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाला, "मालूम नहीं, वैदजी. अम्मा को भी मालूम नहीं." मग सासूबाई, ज्या कधी त्याच्यासमोर आल्या नव्हत्या, पदर पुढं ओढून बाहेर आल्या. फडक्यात बांधलेल्या दशम्या त्यांनी त्याच्या हातात दिल्या. "पोटाला खात जा रे बाबा," एवढंच म्हणाल्या. तो पाया पडायला वाकला तेव्हा त्या सोवळ्यात होत्या, पण मागं सरल्या नाहीत. त्याचं पुढं काय झालं ते आम्हांला कधीच कळलं नाही.

दुखण्यापासून घरात एक नवी रीत पडली होती. मामंजी आपलं ताट सासूबाईंच्या ताटाशेजारी मांडायला लावायचे. नवरा-बायको शेजारी बसून जेवतात, हे बघायला शेजारच्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. रोज पहिल्या घासाला मामंजी विचारायचे, "काय लागलं?" आणि सासूबाई बरोब्बर सांगायच्या. आंबट, मागं गोड, शेवटाला तुरट. मला कौतुक वाटायचं, थोडा हेवाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा माझं लेकरू तापानं फणफणलेलं होतं आणि त्या नादात मी आमटीत दोनदा मीठ घातलं. वाढून झाल्यावर वाटीतलं बोट चाटलं आणि अंगावर काटा आला. खारट ढुस्स. मी धावत दाराशी गेले, तोवर सासूबाईंनी भुरका मारला होता. मामंजींनी विचारलं, "काय लागलं?" त्या म्हणाल्या, "चिंचेचं आंबट हाय. मीठ बेताचं." आणि दुसरा भुरका मारला.

मी काही बोलणार तेवढ्यात मामंजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मग आपली वाटी उचलली आणि ती आमटी, ज्यांना मिठाचा एक कण जास्त झालेला कळायचा त्यांनी, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. "बरोबर हाय," म्हणाले, "बेताचंच हाय."

दुपारी विहिरीपाशी मी विचारलं, "मामंजी, कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जीभ रोज बघतो मी तिची. चव परत आलीच न्हाई." ते पाण्याकडं बघत होते. "त्या गोड दारूत तुरट असतंय का कधी? मला आवडतं म्हणून बोलली. देवघरात बसून ऐकलेलं सगळं पाठ हाय तिला, ताटात काय हाय ते बघून सांगती." जरा थांबून म्हणाले, "गप ऱ्हा सूनबाई. ती जेवती हाय."

रझाकारांचं नाव कानावर यायला लागलं होतं, त्या उन्हाळ्यात मामंजी चार दिवसांच्या तापात गेले. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि सासूबाईंनी ताट सारलं. पहिल्यांदा वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण ते पुन्हा तसंच सुरू झालं. बांगड्या आता नव्हत्या, तरी मनगट बघून मला ते सगळं आठवायचं. आमच्या ह्यांनी विनवलं, लेकरांनी गळ्यात हात घातले. "मातीच हाय, बाबा," एवढंच त्या म्हणायच्या.

शेवटी मी ताट घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "सासूबाई, मामंजींना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्हांला चव नाही ते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"ठाऊक होतं," त्या पुटपुटल्या. "मंग रोज इचारायचे कशाला?"

"तुम्ही घास घ्यावा म्हणून."

मामंजी गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. आमटी गार होत गेली, भाकरी वातड झाली. मग त्यांनी डोळे पुसले, ताट पुढं ओढलं आणि माझा हात धरून मला खाली, जवळ बसवलं.

"तू बी घे यातलंच," म्हणाल्या. "एकटीला उतरत न्हाई."

मी भाकरी मोडली, अर्धी त्यांच्यापुढं ठेवली, आणि आम्ही दोघी जेवायला लागलो.